कुक्कुटपालनात प्रतिजैविकांऐवजी प्रोबायोटिक : गोव्यातील कोंबडीपालकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा आणि धारबांदोडा या भागांत ब्रॉयलरची (मांसासाठी वाढवलेल्या कोंबड्यांची) शेड चालवणारे आणि परसात गांवठी कोंबड्या पाळणारे जे प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात, ते येथे उत्तरांसह दिले आहेत. पशुवैद्यकाने कोंबडी पाहून दिलेल्या सल्ल्याची जागा ही उत्तरे घेऊ शकत नाहीत. मात्र दुकानातून प्रोबायोटिकचा पुडा विकत घेण्यापूर्वी पालकाला जे ठाऊक असायला हवे, ते येथे सविस्तर सापडेल.

प्रोबायोटिक म्हणजे काय, आणि ते कोंबडीच्या पोटात नेमके काय करते?

प्रोबायोटिक म्हणजे योग्य प्रमाणात दिल्यास पक्ष्याच्या आरोग्याला उपयोगी पडणारे जिवंत जिवाणू किंवा यीस्ट. लॅक्टोबॅसिलस, बॅसिलस सबटिलिस, बॅसिलस लायकेनिफॉर्मिस, एंटरोकॉकस, पेडिओकॉकस आणि सॅकरोमायसिस ही नावे पुड्यांवर नेहमी दिसतात. हे जिवाणू आतड्याच्या अस्तरावरील जागा आणि तेथील अन्न आधीच व्यापतात, त्यामुळे साल्मोनेला किंवा ई. कोलाय या रोगकारक जिवाणूंना चिकटायला वाव कमी राहतो. त्यांच्यापैकी काही लॅक्टिक आम्ल तयार करून आतड्यातील आम्लता वाढवतात, काही इतर जिवाणूंना मारक ठरणारी प्रथिने सोडतात, आणि पिल्लाच्या प्रतिकारशक्तीला लवकर जाग येण्यासही त्यांची मदत होते.

या विषयाचा पाया फिनलंडमध्ये घातला गेला. तेथे १९७१ मध्ये ब्रॉयलर पक्ष्यांत साल्मोनेलाच्या एका प्रकाराचा मोठा प्रादुर्भाव झाला होता. त्यानंतर नुर्मी आणि रांताला या संशोधकांनी प्रौढ, निरोगी कोंबडीच्या आतड्यातील जिवाणू एक दिवसाच्या पिल्लांना पाजले आणि ती पिल्ले साल्मोनेलाला अधिक चांगली तोंड देतात, हे १९७३ मध्ये दाखवून दिले. यातील मर्म आपल्या परसातच दिसते. गांवठी कोंबडी पिल्लांना घेऊन कुळागरात उकरत फिरते, तेव्हा आईच्या विष्ठेतून आणि मातीतून पिल्लांना हे जिवाणू आपोआप मिळतात. हॅचरीच्या यंत्रात जन्मलेले पिल्लू मात्र आईला कधीच भेटत नाही. त्याचे आतडे जवळजवळ रिकामे असते आणि ते कोण आधी भरणार, यावर पुढचे बरेच काही ठरते.

खाद्यात प्रतिजैविके मिसळण्याची पद्धत कुठून आली, आणि ती सोडायची का?

१९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत क्लोरटेट्रासायक्लिन तयार करताना उरलेला चोथा पिल्लांना खाऊ घातला असता त्यांची वाढ वेगाने झाल्याचे आढळले. तेव्हापासून आजारी नसलेल्या कोंबडीलाही अगदी कमी मात्रेत रोज प्रतिजैविक देण्याची रीत जगभर पसरली. दोष नेमका या रीतीत आहे. उपचाराच्या पूर्ण मात्रेत जिवाणू मरतात, पण दीर्घकाळ दिलेल्या अपुऱ्या मात्रेत औषधाला न जुमानणारे जिवाणू टिकतात आणि वाढतात. ते आपले प्रतिकाराचे जनुक शेजारच्या जिवाणूंना देऊ शकतात. पुढे विष्ठा, खत, पाणी आणि कापलेले मांस या वाटांनी ते माणसापर्यंत पोहोचतात. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंच्या संसर्गामुळे २०१९ या एकाच वर्षी जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट ओढवले, असा अंदाज २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याला केवळ कोंबडीपालन जबाबदार नाही, परंतु आपल्या वाट्याची जबाबदारी आपण टाळू शकत नाही.

स्वीडनने वाढीसाठीची प्रतिजैविके १९८६ मध्येच बंद केली आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २००६ पासून. डेन्मार्कचा अनुभव आपल्याला सर्वाधिक उपयोगी आहे. तेथील ब्रॉयलर उत्पादकांनी १९९८ च्या सुरुवातीस ही औषधे स्वतःहून थांबवली. त्यानंतर पक्ष्यांचे वजन घसरले नाही, मरतूक वाढली नाही, आणि किलोमागे लागणारे खाद्य अगदी किंचित वाढले. तेथे रक्ती हगवण रोखणारी औषधे मात्र चालू होती, हे लक्षात ठेवावे. त्याचा संबंध पुढे येईल.

भारतातील नियम काय सांगतात?

कोलिस्टिन हे माणसाच्या उपचारातील अखेरच्या फळीचे औषध आहे. अन्नासाठी पाळलेल्या प्राण्यांत आणि त्यांच्या खाद्यपूरकांत त्याचा वापर जुलै २०१९ पासून बंद आहे. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान गटाच्या औषधांवर २०२५ मध्ये अशीच बंदी आली. जुन्या साठ्यातील बाटली कपाटात असेल, तर ती वापरू नये. उपचारासाठी दिलेल्या औषधाच्या लेबलावर, शेवटच्या मात्रेनंतर किती दिवस अंडी किंवा मांस विकू नये, ते लिहिलेले असले पाहिजे. तसे लिहिलेले नसेल, तर अंड्यांसाठी किमान ७ दिवस आणि कोंबडीच्या मांसासाठी किमान २८ दिवस थांबावे, असे औषधविषयक नियम सांगतात. ब्रॉयलर साधारण ३५ ते ४२ दिवसांत विक्रीला जातो. तेव्हा २८ दिवसांचा हा हिशेब डोळ्यांसमोर ठेवला, तर तिसऱ्या आठवड्यानंतर उगाच दिलेल्या औषधाचा अर्थ काय होतो, हे पालकाला आपसूक कळेल.

प्रोबायोटिक दिल्यावर प्रतिजैविकांची गरज कधीच पडणार नाही का?

पडू शकते. प्रोबायोटिक हा प्रतिबंधाचा उपाय आहे. पक्षी जिवाणूजन्य रोगाने खरोखर आजारी पडले असतील, पंख पाडून कोपऱ्यात बसत असतील आणि मरतूक रोज वाढत असेल, तर पशुवैद्यकाने निदान करून दिलेले प्रतिजैविक पूर्ण मात्रेत आणि पूर्ण दिवस देणे हेच योग्य आहे. ते टाळून पक्ष्यांना यातना भोगू देणे म्हणजे जबाबदार पालन नव्हे. बंद करायची आहे ती ‘कदाचित काही होईल’ म्हणून औषध देण्याची सवय. राणीखेत, गंबोरो आणि बर्ड फ्लू हे विषाणूंचे रोग आहेत. त्यांच्यावर प्रतिजैविकही चालत नाही आणि प्रोबायोटिकही. तेथे लसीकरण आणि शेडमधील येण्याजाण्यावरचे नियंत्रण हीच साधने आहेत. बर्ड फ्लूची शंका आल्यास पशुसंवर्धन खात्याला तत्काळ कळवावे.

गोव्याच्या पावसाळ्यात प्रोबायोटिकचा परिणाम दिसत नाही, अशी तक्रार का येते?

या प्रश्नाला अधिक जागा द्यायला हवी, कारण गोव्यातील बहुतेक अपयशाचे मूळ येथेच आहे. आपल्याकडे वर्षाला सरासरी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. हवा ओली असते, शेडच्या बाजूंना प्लास्टिकचे पडदे सोडलेले असतात, आणि तूस किंवा लाकडाच्या भुश्याची गादी ओल धरते. ओल्या गादीत क्लॉस्ट्रिडियम, ई. कोलाय आणि रक्ती हगवणीचे परजीवी झपाट्याने वाढतात. पिल्लू दिवसभर गादीत चोच मारते, म्हणजे चमचाभर प्रोबायोटिकसोबत मूठभर रोगजंतू रोज पोटात घेते. अशा शेडमध्ये महागातला पुडाही हरतो.

गादीची परीक्षा हाताने करता येते. निपलच्या (पक्षी चोच लावून पाणी पितात त्या तोट्यांच्या) रांगेखालची मूठभर गादी उचलून घट्ट दाबावी आणि मूठ उघडावी. गोळा तसाच टिकला, तर ती जास्त ओली आहे. हळूहळू भुगा होऊन पडली, तर ती चांगली. मुळीच चिकटली नाही आणि धूळ उडाली, तर ती अतिकोरडी. ओलावा साधारण २५ टक्क्यांच्या आसपास राहावा. शेडमध्ये शिरताच डोळे चुरचुरत असतील, तर अमोनिया पक्ष्यांना त्रास होण्याइतका वाढलेला असतो. माणूस उभा असतो आणि पिल्लाचे नाक जमिनीपासून वीतभर उंचीवर असते, हे विसरू नये. पाऊस थांबलेल्या वेळात पडदे वरच्या बाजूने उघडावेत, गादी दिवसातून एकदा उलथावी, गठ्ठे झालेला भाग बाहेर काढून तेथे कोरडा तूस घालावा, आणि निपल गळत असेल तर त्याच दिवशी बदलावा. अनेक जण ओल्या गादीवर चुना भुरभुरतात. जुन्या, अमोनिया साठलेल्या गादीवर चुना टाकल्यास अमोनिया अधिक सुटतो, म्हणून पक्षी आत असताना हा उपाय करू नये. पावसाळ्यासाठी तूस मे महिन्यातच भरून, झाकून ठेवलेला बरा, कारण जुलैत मिळणारा तूस मुळातच ओला असतो.

आमच्याकडे विहिरीचे पाणी आहे. त्यात प्रोबायोटिक घालावे का?

घालता येते, पण आधी पाणी तपासावे. जांभ्या दगडाच्या जमिनीतील अनेक विहिरींचे पाणी किंचित आम्लधर्मी असते आणि काही ठिकाणी त्यात लोह जास्त असते. लोहामुळे पाइपात तपकिरी, बुळबुळीत थर धरतो. पाइपचा एखादा तुकडा उभा चिरून आतून बोट फिरवले, की हा थर बोटाला लागतो. पाण्यावर वरून कितीही खर्च केला, तरी पिल्लाच्या तोंडात जाणारे पाणी त्या थराला घासूनच येते. त्यामुळे पक्ष्यांचा प्रत्येक लॉट (तुकडी) विकून गेल्यावर पाइप धुऊन काढणे ही पहिली पायरी आहे. पहिल्या जोरदार पावसानंतर विहिरीत वरचे पाणी उतरते आणि जिवाणूंची संख्या वाढते, म्हणून वर्षातून एकदाच तपासणी करायची असेल, तर ती या दिवसांत करावी.

ओपा, अस्नोडा किंवा साळावली येथील प्रकल्पांतून येणाऱ्या नळाच्या पाण्यात क्लोरिन असते, आणि विहिरीच्या पाण्यातही पालक ब्लिचिंग पावडर घालतात. क्लोरिन प्रोबायोटिकमधील जिवाणूंनाही मारते. प्रोबायोटिक द्यायच्या दिवशी क्लोरिन न घातलेले पाणी वापरावे. नळाचेच पाणी असेल, तर ते आदल्या रात्री उघड्या टाकीत साठवावे किंवा त्यात दर लिटरला सुमारे २ ते २.५ ग्रॅम साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळावी. पुडा घातलेले पाणी पक्ष्यांनी तीन-चार तासांत संपवावे, इतकेच करावे. उरलेले ओतून पाइप साध्या पाण्याने धुवावा, नाहीतर दुधाच्या अंशावर तोच बुळबुळीत थर पुन्हा चढतो.

पहिली मात्रा केव्हा द्यावी?

शक्य तितक्या लवकर. पिल्ले पेटीतून उतरवली की पहिल्याच पाण्यात द्यावी आणि पुढचे तीन ते पाच दिवस चालू ठेवावी. त्याच वेळी ब्रुडिंगचे (पिल्लांना ऊब देण्याचे) तापमान पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३३ अंशांच्या आसपास आहे ना, हे पाहावे. गारठलेले पिल्लू ना पाणी पिते ना खाद्य खाते. उतरवल्यानंतर २४ तासांनी काही पिल्लांच्या गळ्याखालील खाद्याची पिशवी बोटांनी चाचपावी. ती भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. शंभरातील पाचाहून अधिक पिल्लांची पिशवी रिकामी किंवा टणक लागली, तर दोष तापमानात, पाण्यात किंवा प्रकाशात आहे, आणि तो आधी दुरुस्त करावा. त्यानंतर खाद्य बदलताना, लसीकरणानंतर आणि कडक उन्हाच्या दिवसांत दोन-तीन दिवसांची मात्रा पुन्हा देणे उपयोगी पडते.

बाजारात इतके पुडे आहेत. कोणता घ्यावा?

पुड्याची मागची बाजू वाचावी. ‘लाभदायक सूक्ष्मजीव’ एवढेच लिहिलेले असेल, तर तो पुडा परत ठेवावा. जिवाणूचे पूर्ण नाव, शक्य असल्यास त्याचा विशिष्ट वाण, दर ग्रॅममधील जिवंत जिवाणूंची संख्या, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, आणि कोणत्या तापमानात ठेवावे, इतकी माहिती त्यावर हवीच.

संख्येचा हिशेब स्वतः करता येतो. समजा, पुड्यावर दर ग्रॅमला १०० कोटी जिवाणू लिहिले आहेत आणि एक टन खाद्यात ५०० ग्रॅम घालायला सांगितले आहे. एकूण ५०,००० कोटी जिवाणू झाले. टनात १० लाख ग्रॅम असतात, म्हणजे खाद्याच्या प्रत्येक ग्रॅममध्ये ५ लाख जिवाणू आले. चांगल्या उत्पादनांत खाद्याच्या ग्रॅममागे लाखांपासून दहा लाखांपर्यंतचे प्रमाण अपेक्षित असते, तेव्हा हा पुडा हिशेबात बसतो. दुसऱ्या पुड्यात दर ग्रॅमला १ कोटीच असतील आणि मात्रा तीच असेल, तर ग्रॅममागे केवळ ५,००० उरतात. किंमत कमी असली, तरी तो स्वस्त नाही.

खाद्य गोळी स्वरूपात असेल, तर आणखी एक गोष्ट पाहावी. गोळी करताना खाद्य ७० ते ८५ अंशांपर्यंत तापते आणि त्यात लॅक्टोबॅसिलस बहुतांशी मरतात. बॅसिलस जातीचे जिवाणू बीजाणूंच्या कवचात असल्याने ही उष्णता सोसतात. म्हणून खाद्यातून द्यायचे असेल, तर बॅसिलस निवडावा आणि पाण्यातून पहिल्या दिवसांत द्यायचे असेल, तर लॅक्टोबॅसिलसही चालतो. बीजाणू गोव्याच्या दमट हवेतही अधिक टिकतात, म्हणून एकच निवडायचा असेल, तर माझा कल बॅसिलसकडे आहे. एंटरोकॉकस असलेल्या उत्पादनाबाबत मात्र, त्या वाणात प्रतिजैविकांना दाद न देणारे, पसरू शकणारे जनुक नाहीत, याची तपासणी झाली आहे का, हे कंपनीला विचारावे. ज्या संकटापासून दूर जायचे आहे, ते पुड्यातून घरी आणू नये.

घरचे दही किंवा ताक दिले तर चालणार नाही का?

परसातील आठ-दहा कोंबड्यांना कधीमधी थोडे ताजे, पातळ ताक कोंड्यात कालवून द्यायला हरकत नाही. कोंबडीला दुधातील साखर नीट पचत नाही, म्हणून जास्त दिल्यास विष्ठा पातळ होते. दह्यातील जिवाणू दूध विरजण्यासाठी निवडलेले असतात. कोंबडीच्या आतड्यात ते टिकतील, अशी खात्री देता येत नाही, आणि त्यांची संख्या रोज बदलते. ब्रॉयलरच्या निपल पाइपात ताक मुळीच सोडू नये.

प्रतिजैविक आणि प्रोबायोटिक एकत्र द्यावे का? लसीच्या दिवशी काय करावे?

बहुतेक प्रतिजैविके प्रोबायोटिकमधील जिवाणूंनाही मारतात, त्यामुळे दोन्ही एकत्र देणे म्हणजे पैसे वाया घालवणे. उपचार पूर्ण झाल्यावर लगेच पाच दिवस प्रोबायोटिक द्यावे, कारण औषधाने आतडे रिकामे झालेले असते. पाण्यातून लस द्यायची असेल, त्या दिवशी पाण्यात दुसरे काहीही मिसळू नये. प्रोबायोटिक दुसऱ्या दिवशी द्यावे.

रक्ती हगवणीवर ते चालते का?

नाही. रक्ती हगवण आयमेरिया या कॉक्सिडिया गटातील परजीवीमुळे होते. आतड्याचे आरोग्य चांगले राहिल्याने नुकसान काहीसे कमी होऊ शकते, परंतु कॉक्सिडियाविरोधी औषध किंवा लस यांना ते पर्याय ठरत नाही. प्रतिजैविकमुक्त पालन करायचे म्हणून खाद्यातील कॉक्सिडियाविरोधी घटकही एकाच दिवशी काढून टाकणाऱ्या पालकाची पावसाळ्यातील पहिलीच तुकडी बसते, आणि त्यापाठोपाठ क्लॉस्ट्रिडियममुळे आतडे सडण्याचा रोग येतो. डेन्मार्कने ही औषधे चालू ठेवली होती, त्यामागचे कारण हेच. हा बदल पशुवैद्यकाशी बोलून स्वतंत्रपणे करावा.

अंड्यांच्या आणि गांवठी कोंबड्यांना द्यावे का?

द्यावे. प्रोबायोटिक चालू असताना अंडी विकण्यास प्रतीक्षा काळ नसतो आणि लेयर (अंड्यांसाठीच्या कोंबड्या) पाळणाऱ्यासाठी हाच त्याचा मोठा गुण आहे. बाहेर चरणाऱ्या गांवठी कोंबडीला त्याची गरज कमी असते. तिला जंतनाशक, राणीखेतची लस आणि रात्री मुंगूस व कोल्ह्यापासून सुरक्षित खुराडे आधी हवे.

आम्ही कंपनीशी करार करून पालन करतो. खाद्य त्यांचे, औषधे त्यांची. आमच्या हातात काय आहे?

पिल्ले आणि खाद्य कंपनीचे असले, तरी शेड, पाणी आणि गादी तुमची आहे, आणि या उत्तरांतील अर्ध्याहून अधिक भाग त्यांच्याशीच निगडित आहे. पर्यवेक्षकाकडे दोन गोष्टी मागाव्यात : खाद्याच्या पोत्यावरील घटकांची माहिती, आणि दिलेल्या प्रत्येक औषधाचे नाव व तारीख यांची नोंद. खाद्यात प्रोबायोटिक आधीच असेल, तर पाण्यात दुसरे घालून काही साधत नाही. लेबल नसलेली बाटली कुणी दिली, तर ती वापरण्यास नकार देण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

फायदा झाला की नाही, हे कसे ओळखावे?

एका लॉटवरून ठरवू नये. पिल्लांची प्रत, हवामान आणि खाद्य दर लॉटला बदलते. शक्य असेल, तर शेडच्या मध्ये जाळी लावून निम्म्या पक्ष्यांना प्रोबायोटिक द्यावे आणि निम्म्यांना देऊ नये. दोन्हीकडचे खाद्य, वजन आणि मरतूक वेगवेगळी लिहावी. १,००० पक्ष्यांचे सरासरी वजन २ किलो धरले, तर एकूण २,००० किलो मांसासाठी किलोमागे १.६५ किलो या दराने ३,३०० किलो खाद्य लागते. तो दर १.६० वर आला, तर ३,२०० किलो. वाचलेल्या १०० किलो खाद्याची किंमत पुड्याच्या खर्चाशी ताडून पाहावी. स्वच्छ, कोरड्या, कमी गर्दीच्या शेडमध्ये हा फरक फारसा दिसत नाही, आणि तेथे कमी मात्रा किंवा केवळ पहिला आठवडा पुरेसा ठरतो. हे विक्रेता सांगणार नाही, म्हणून येथे लिहिले आहे.

ग्राहक विचारतात : शिजवल्यावर औषध निघून जात नाही का?

औषधाचा अंश आणि औषधाला न जुमानणारा जिवाणू या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मांस आतपर्यंत नीट शिजले, की जिवाणू मरतात. औषधाचा अंश मात्र उष्णतेने पूर्णपणे जाईलच असे नाही. तो रोखण्याची जागा शेड आहे. स्वयंपाकघरात कच्च्या कोंबडीची सुरी आणि पाट कोशिंबिरीसाठी वापरू नये, आणि नळाखाली कोंबडी धुताना उडणारे शिंतोडेही टाळावेत.

मरतूक वाढली. औषध आणण्यापूर्वी काय करावे?

नुकताच मेलेला पक्षी शवविच्छेदनासाठी न्यावा. आदल्या दिवशी मेलेला, फुगलेला पक्षी उपयोगी पडत नाही, कारण त्याच्या आतड्यात मृत्यूनंतर वाढलेले जिवाणूच दिसतात. पक्षी दुहेरी प्लास्टिक पिशवीत घालून भोवती बर्फ ठेवावा, फ्रीझरमध्ये गोठवू नये. आजारी पण जिवंत असे एक-दोन पक्षीही नेता आले, तर निदान अधिक अचूक होते. सोबत वही असावी : पिल्लांचे वय, रोजची मरतूक, लसींच्या तारखा, खाद्य केव्हा बदलले, आणि गेल्या दोन आठवड्यांत दिलेले प्रत्येक औषध व प्रोबायोटिक. शेवटची नोंद लपवू नये. प्रतिजैविक आधीच दिलेले असेल, तर प्रयोगशाळेत जिवाणू वाढत नाहीत, आणि ही गोष्ट पशुवैद्यकाला आधी ठाऊक असली, तर त्याला तपासणीची वेगळी पद्धत निवडता येते.